इटालियन क्रियापदांतला आघात

लॅटिनमध्ये आघात कुठे द्यायचा हे शेवटून दुसरे अक्षर ठरवी. ते गुरू असेल तर आघात त्यावरच. लघु असेल तर एक अक्षर मागे. वृत्तांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटणार नाही. पुढे, जिच्यातून इटालियन घडली त्या बोलभाषेत स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बुजला, नियमाचा पायाच गेला, तरी आघात बहुधा जुन्याच अक्षरावर टिकून राहिला.

‘ते बनवतात’ याला लॅटिन शब्द ‘फाब्रिकांत’. आघात ‘फा’वर. शेवटचा ‘त’ गळाला, मागून ‘ओ’ येऊन चिकटला आणि तीन अक्षरांची चार झाली: फाब्-ब्री-का-नो. आघात जागचा हलला नाही, त्यामुळे तो शेवटून चौथा ठरला. लॅटिनमध्ये ही जागा त्याला मिळालीच नसती. ‘ते मला बनवून दे’ अशा अर्थाच्या ‘फाब्ब्रीकामेलो’त तर तो पाचवा होतो.

भूतकाळात उलटे घडले. ‘कांतावित’, म्हणजे ‘त्याने गायले’, याचे शेपूट झडून ‘कांतो’ उरले आणि आघात शेवटी आला. भविष्यकाळाचे ‘कांतेरो’ मुळात दोन शब्द होते: ‘कांतारे हाबेओ’, मला गायचे आहे. त्यातल्या ‘हाबेओ’चा आघात आजही शेवटच्या अक्षरावर बसलेला आहे.

अक्षर कुठे तुटते यावर स्वरही बदलला. आघाताचे अक्षर स्वरान्त असेल तर लॅटिनचा ऱ्हस्व ‘ए’ फुटून ‘ये’ झाला: त्ये-ने, तो धरतो. व्यंजनाने बंद असेल तर फुटला नाही: तेन्-गो, मी धरतो. आघातच पुढे सरकलेल्या ‘ते-ने-ते’तही (तुम्ही धरता) तो साधाच राहिला.

आघात जुन्या अक्षरावर टिकण्याला अपवाद आहेत आणि ते त्रासदायक आहेत. ‘सापेरे’ (जाणणे) या क्रियापदाचा आघात ‘सा’वरून ‘पे’वर गेला, ‘रिदेरे’चा (हसणे) ‘दे’वरून ‘री’वर आला. लिहिताना दोन्हींचा शेवट सारखाच, त्यामुळे उच्चार पाठ करण्याला पर्याय नाही.

लेखनात आघातचिन्ह उशिरा आले. आल्दो मानुत्सियोने 1501 मध्ये व्हेनिसला पेत्रार्काच्या कविता छापल्या, त्या सुमारास अशी चिन्हे इटालियन छपाईत शिरू लागली. आजही ते सक्तीचे आहे मुख्यतः शब्दान्ती. ‘कापितो’ हा एकच शब्द घ्या. आघात ‘का’वर दिला तर ‘मी येऊन टपकतो’, ‘पि’वर दिला तर ‘समजलेले’, ‘तो’वर दिला तर ‘तो येऊन टपकला’. छापील पानावर चिन्ह मिळते ते फक्त तिसऱ्याला. पहिले दोन वाक्यावरून ओळखायचे.