आठ दिवसांचं आयोडीन

भूक वाढलेली, जेवण दोन घास जास्तच, तरी वजन उतरत जातं. छातीत धडधड, पुढे केलेल्या हातांना बारीक थरथर, पंख्याखाली बसूनही घाम, झोपेचं खोबरं आणि कारण नसताना चिडचिड. कुणाचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागतात. घरचे ‘टेन्शन घेते’ म्हणून सोडून देतात. रक्ततपासणीत टीएसएच तळाला गेलेलं आणि टी-थ्री, टी-फोर चढलेलं दिसलं, की गळ्यातल्या थायरॉइडकडे बोट जातं. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली असे रुग्ण नोंदवून ठेवले. थायरॉइड बेफाम होण्याच्या या विकाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला आजही त्यांचंच नाव आहे. इलाज मात्र पुढे बराच काळ मुख्यतः शस्त्रक्रियेचाच होता.

आज शस्त्रक्रियेच्या जोडीला कार्बिमाझोलसारख्या गोळ्या आहेत आणि किरणोत्सारी आयोडीन आहे. या आयोडीनची कुळकथा एका प्रश्नापासून सुरू होते. १२ नोव्हेंबर १९३६. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं व्याख्यान झालं. बॉस्टनच्या थायरॉइड क्लिनिकचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी विचारलं, ‘आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का?’ त्यामागचा हिशोब साधा होता. थायरॉइड रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि बेफाम झालेली थायरॉइड तर ते अधाशासारखं ओढते. मग त्याच वाटेने किरणं थेट ग्रंथीत का पोहोचवू नयेत?

पहिले प्रयोग सशांवर झाले, पण त्यासाठी मिळालेलं आयोडीन-१२८ पंचवीस मिनिटांत निम्मं व्हायचं. बर्कलीत संशोधक जोसेफ हॅमिल्टन यांचीही तीच अडचण होती. रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग यांनी त्यांना विचारलं, ‘किती टिकणारं हवं?’ उत्तर आलं, ‘साधारण आठवडाभर.’ सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांना १९३८ मध्ये आयोडीन-१३१ सापडलं, अर्धायुष्य आठ दिवस! पुढे सीबोर्ग यांच्या आईवरही याच आयोडीनने उपचार झाले. हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णाला डोस दिला तो मार्च १९४१ मध्ये. तो सायक्लोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्रातला, बराचसा आयोडीन-१३०चा होता. युद्धानंतर अणुभट्ट्यांमधून आयोडीन-१३१ मुबलक मिळू लागलं आणि प्रयोगाचा उपचार झाला.

आठ दिवसांनी निम्मं म्हणजे दर दिवसाला सुमारे ८ टक्के घट. हे औषध कपाटात ठेवून चालत नाही. परदेशातून मागवलं तर प्रवासातला प्रत्येक दिवस डोसमधून वजा होतो. म्हणून इथून पुढची कथा ठाण्याच्या खाडीच्या दोन काठांवर घडते. पलीकडे ट्रॉम्बे. तिथे ‘अप्सरा’ भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’. भट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा केला, की त्यातून आयोडीन-१३१ तयार होतं. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं आणि थायरॉइडचे रुग्ण तिकडे जाऊ लागले.

अलीकडे वाशी. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिट’चं, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळाचं, वाशीतलं संकुल देशभरातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधं पुरवतं. थायरॉइड हॉर्मोन मोजण्याचे आरआयए (रेडिओइम्युनोअसे) किटही इथलेच. ही तपासणीची पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. तिच्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे रोग ओळखण्याचं साधन आणि रोगावरचा उतारा, दोन्ही एकाच ठिकाणचे. जवळच्या एपीएमसीतल्या भाजीसारखाच हा माल वेळेत गेला तरच कामाचा. शिशाच्या जाड डबीवरच्या चिठ्ठीवर किती मिलिक्युरी ते लिहिलेलं असतं आणि ती मात्रा कोणत्या दिवशीची, तेही. रुग्णालयात त्या तारखेवरून त्या दिवशीचा डोस काढतात.

डोस देण्याआधी गळ्याचा स्कॅन होतो. थायरॉइडला फक्त सूज असेल तर तयार हॉर्मोन झिरपत असतं आणि ग्रंथी आयोडीन घेत नाही. तिथे या उपचाराचा उपयोग नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तो देत नाहीत. डोळे फार सुजलेले असतील तर डॉक्टर दोनदा विचार करतात. बाकीच्यांसाठी एक कॅप्सूल किंवा चव नसलेला घोटभर द्राव. त्यातल्या बीटा किरणांची धाव ऊतींत जेमतेम दोन मिलिमीटर, त्यामुळे मारा ग्रंथीतच राहतो. पुढचे काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल असतं. कार्बिमाझोल चालू असताना ताप येऊन घसा धरला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात.

बहुतेकांची थायरॉइड पुढे मंदावते. मग थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. डॉक्टर हे आधीच सांगतात. धडधडत्या छातीच्या बदल्यात हा सौदा बहुतेकांना परवडतो.