डेकच्या टोकावरचा एक क्षण

अपघात झाला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: चूक कुणाची? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवताना ‘कारण’ हा शब्द मी हजारदा फळ्यावर लिहिला. आज त्याच शब्दाकडे एका जहाजाच्या डेकवरून बघू या.

पहिलं महायुद्ध चालू होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो इथं ब्रिटिश आरमाराचा तळ होता आणि तिथं ‘फ्युरियस’ ही युद्धनौका होती. तिच्या पुढच्या भागात विमानं उडवण्यासाठी डेक बांधला होता. उडवण्यासाठी, बरं का! उतरण्यासाठी नव्हे. उडालेलं विमान परत यायचं कुठं? जवळ किनारा नसेल तर समुद्रात.

एडविन डनिंग या पंचवीस वर्षांच्या वैमानिकाला हे पटेना. डेकच्या मागे जहाजाचा मनोरा आणि धुराडं, म्हणजे सरळ मागून येणं अशक्य. त्यानं जहाजाच्या बाजूनं पुढं यायचं आणि तिरकं सरकून डेकवर यायचं ठरवलं. जहाज 26 नॉटनं वाऱ्याच्या तोंडावर, वारा 21 नॉटचा. दोन्ही मिळून 47. सॉपविथ पप हे विमान इतकं हलकं, की डेकच्या वर ते जवळजवळ तरंगत राहिलं. खाली उभ्या अधिकाऱ्यांनी धावत जाऊन त्याला लावलेले पट्टे धरले आणि ते खाली ओढलं. तारीख 2 ऑगस्ट 1917. चालत्या जहाजावर विमान प्रथमच उतरलं.

पाच दिवसांनी, 7 ऑगस्टला, त्यानं पुन्हा प्रयत्न केले. शेवटच्या वेळी विमान डेकवर फार पुढं आलं. त्यानं हातानं खूण करून माणसांना दूर केलं आणि पुन्हा उड्डाण घेण्यासाठी इंजिनाला जोर दिला. इंजिन गुदमरलं. विमान उजव्या बाजूनं समुद्रात कोसळलं. डनिंग बेशुद्ध झाला होता, बुडून गेला.

आता सांगा, चूक कुणाची? घाई त्याची, असं म्हणता येईल. पण मग एवढं शिकायला काही उरत नाही. आरमारानं दुसरा प्रश्न विचारला: उतरायला जागाच नीट नव्हती, तर माणूस काय करणार? फ्युरियसवर मागच्या बाजूला उतरण्याचा डेक आला. तोही फसला, कारण धुराड्यामागची हवा फार खवळलेली असायची. मग 1918 मध्ये ‘आर्गस’ आलं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट डेक, मध्ये काहीच नाही.

आणि पुढं 1950 च्या दशकात तिरका डेक आला. उतरणं फसलं तर पूर्ण जोर देऊन सरळ पुन्हा उडायचं, समोर मोकळा समुद्र. असाच डेक आपल्या ‘विक्रांत’वर होता. मुंबईत अनेकांनी तो पाहिला असेल.

लक्षात आलं का? डनिंगनं शेवटच्या क्षणी जे करायला घेतलं, तेच पुढं नियम झालं. फरक एवढाच, की त्याच्या वेळी त्या निर्णयाला पेलणारा डेक आणि इंजिन नव्हतं. म्हणून म्हणतो, माणसाला दोष देण्याआधी त्याच्या पायाखाली काय होतं ते बघावं.