घड्याळातला तेलाचा थेंब



बिस्किटात अंडं नाही ना, चीज कशाने विरजलंय, गोळीच्या टोपणात जिलेटिन आहे का, हे प्रश्न आपल्या तोंडात बसलेले आहेत. पर्स घेताना चामडं नाही ना हे आपण हाताने चाचपून बघतो, घड्याळाचा पट्टाही तसाच बघतो. पण पट्ट्यावरच्या त्या बंद डबीत काय असतं, हे दुकानात कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आज लिहायचंय ते त्या डबीतल्या एका थेंबाबद्दल.

या जूनमध्ये आम्ही स्वित्झर्लंडला गेलो होतो. (तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहाराची काळजी नव्हती. नवकारसीला मात्र पहाटे उठायची तयारी हवी.) बाकीची मंडळी बर्फ बघायला डोंगरावर गेली आणि मी नशातेलहून गाडीने अर्ध्या तासावरच्या ला शो-द-फों या गावी गेले. तिथे अर्ध्या दिवसात चावीचं घड्याळ स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा जोडायला शिकवतात.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. १७९४ च्या आगीत ते जवळजवळ सगळं जळालं. नंतर पुन्हा बांधताना रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ ठेवले आणि पुढे घरांच्या ओळी अशा उभ्या राहिल्या की कारागिराच्या टेबलावर भरपूर उजेड यावा. अख्खं गाव घड्याळावर जगायचं. कार्ल मार्क्सने या गावाला एकच एक मोठा घड्याळाचा कारखाना म्हटलं होतं. २००९ मध्ये शेजारच्या ल लोक्लसह त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. चंदीगड आखणारा ल कॉर्ब्युझिए इथलाच. त्याचे वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मिनाकाम करायचे, आणि तो स्वतः आधी घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरायला शिकला होता.

स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचा धंदा रुजायला धर्माचाही हात लागला, हे आपल्याला ओळखीचं वाटेल. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन या धर्मसुधारकाने जिनिव्हात दागदागिन्यांवर कडक बंधनं आणली. सोनारांचं काम बसलं. त्याच काळात फ्रान्समध्ये छळ झालेले ह्यूगनॉट कारागीर आश्रयाला आले, त्यांच्या हातात घड्याळाची कला होती. सोनार त्यांच्याकडे वळले आणि १६०१ मध्ये जिनिव्हात घड्याळजींचा संघही स्थापन झाला. दागिना हा परिग्रह, घड्याळ ही गरज, असा तो हिशेब. घड्याळ त्या चाळणीतून अलगद खाली आलं. आपल्या परिग्रह-परिमाणाच्या वहीतही सोनं ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, घड्याळं किती ते फारसं कुणी मोजत नाही.

आता टेबलापाशी येते. समोर युनिटास ६४९७ हे खिशातल्या घड्याळाचं जुन्या धर्तीचं मशीन होतं, शिकणाऱ्यांना देतात ते. छत्तीस मिलिमीटरहून जरा मोठं, म्हणजे आपल्या पुरीच्या छोट्या लाटीएवढं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि त्यांची आई याच भागात घड्याळाची बालकमानी लावायचं काम करायची. केसाएवढी बारीक ती कमान जुळवणं हे त्या डोंगराळ भागात बहुतेक बायकांचंच काम होतं.

आधी मुख्य कमानीतला ताण सोडायचा, नाहीतर चाकं सुसाट फिरून दात मोडतात. मग बॅलन्स काढायचा, मग त्याला ढकलणारा काटा, मग पूल उचलून एकेक चाक. हे मशीन ताशी १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. मी तिथल्या तिथे हिशेब केला: एका सामायिकाच्या ४८ मिनिटांत १४,४०० ठोके. एक मुहूर्त, दोन घटका, १४,४०० ठोके. त्या प्रत्येक ठोक्याला बॅलन्सच्या अक्षाचं सुईच्या अग्राएवढं टोक एका माणकाच्या भोकात फिरतं. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असायचं, ते हेच खडे. माणिक भोकं पाडून घड्याळात वापरण्याचं पेटंट १७०४ मध्ये लंडनला निघालं, ते काढणाऱ्यांत न्यूटनचा मित्र फातिओ होता. आताचे खडे खाणीतले नसतात. १९०२ मध्ये व्हर्नय या फ्रेंच शास्त्रज्ञाने भट्टीत माणिक बनवायची रीत जाहीर केली, तेव्हापासून ते तसेच बनतात.

शेवटी तेल. बाईंनी एक सुई दिली, तिचं टोक चपटं केलेलं. ते तेलात बुडवून माणकाच्या वाटीला नुसतं टेकवायचं. भिंगातून बघितलं की खड्यात तेलाचं बारीक कडं दिसतं. कडं वाटीच्या आतच राहायला हवं. जास्त झालं तर तेल ओघळून निघून जातं आणि टोक कोरडं पडतं. चाकांच्या दातांना तेल लावायचंच नाही. काट्याच्या टोकांनाही नाही. फोडणीत सढळ हाताने तेल घालणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अवघड वाटावं.

मी विचारलं, हे तेल कशाचं?

बाई हसल्या. म्हणाल्या, हे प्रयोगशाळेतलं, पण माझ्या आईच्या बाटलीतलं नव्हतं.

तिथून जो इतिहास मला कळला आणि मग मी वाचत गेले, तो असा. घड्याळजींचं खरं दुखणं तेलच होतं. ऑलिव्हचं तेल काही महिन्यांत चिकट व्हायचं, आंबायचं, पितळेवर हिरवा थर चढवायचं. थंडीत थिजायचं आणि घड्याळ मागे पडायचं. गाईबैलांच्या पायाच्या हाडांतून काढलेलं तेलही वापरलं जाई. इंग्लंडमधला सुतार जॉन हॅरिसन, ज्याने पुढे जहाजावर अचूक वेळ दाखवणारं घड्याळ बनवून रेखांशाचं कोडं सोडवलं, तो तेलाला इतका कंटाळला की त्याने तेलच नको असलेलं घड्याळ बनवलं. लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडात स्वतःचंच तेलकट राळ असतं. त्याचे भाग करून १७२२ च्या सुमारास त्याने ब्रॉकल्सबी पार्क इथे बुरुजावरचं घड्याळ बसवलं, ते आजही चालतं. आपलं घटिकापात्रही असंच: तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती बुडाली की एक घटका झाली. त्याला तेल लागत नाही. अप्कायाचा प्रश्न उरतो, तो वेगळा.

पण खिशात मावणारं घड्याळ लाकडाचं होत नाही, त्याला थेंब लागतोच. आणि एकोणिसाव्या शतकात उत्तम थेंब सापडला तो डॉल्फिनच्या जबड्यात. जबड्याच्या पोकळीतली ती चरबी वितळवून, कडाक्याच्या थंडीत ठेवून, थिजलेला भाग गाळून काढत. उरलेलं तेल कितीही गारठ्यात पातळ राही, चिकट होत नसे. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरात विल्यम नाय याने याच तेलावर मोठा व्यापार उभा केला. १८८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनाच्या हॅटरस किनाऱ्यावर जाळी लावून डॉल्फिनचे कळप किनाऱ्यावर ओढले जात. काळ्या पायलट व्हेलच्या डोक्यातलं तेलही त्याच बाटल्यांत जाई. एका घड्याळाला लागायचा तो टाचणीच्या टोकावरचा थेंब, पण घड्याळं लाखोंनी होती.

डॉल्फिन मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारा जीव आहे. आपल्या भाषेत जलचर तिर्यंच पंचेंद्रिय. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, रसवाणिज्य आहे. प्राण्यांचे दात, हाडं, कातडी यांचा व्यापार नको, म्हणून कितीतरी घराण्यांनी चांगले चालणारे धंदे नाकारले. त्याच घराण्यांतल्या कर्त्या पुरुषांच्या बंडीच्या खिशात साखळीचं घड्याळ होतं आणि पोरसी आली का ते त्यातच बघितलं जायचं.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण मिळालं. त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धानंतर, कृत्रिम तेलांनी जागा घ्यायला सुरुवात केली होती. इथे मला एक गोष्ट टोचते. ही कृत्रिम तेलं कुणाला दया आली म्हणून आली नाहीत. ती जास्त टिकतात, पसरत नाहीत, म्हणून आली. जीव वाचले ते रसायनशास्त्रामुळे. वाचले याचा आनंद आहेच.

कुणी म्हणेल, आता सेलची घड्याळं आहेत, हा प्रश्नच कशाला? १९६९ च्या डिसेंबरात जपानने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यातल्या दोन तृतीयांश नोकऱ्या गेल्या. ला शो-द-फोंच्या कितीतरी घरांतली टेबलं तेव्हा रिकामी झाली. पण आपल्यातल्या बऱ्याच जणी सामायिकात सेलचं घड्याळ जवळ ठेवत नाहीत, तेउकायाचा संघट्टा नको म्हणून. स्थानकात अजून ४८ मिनिटांची वाळूची घडी उलटी करतात. घरी कुणी चावीचं घड्याळ जपून ठेवलेलं असतं. म्हणजे प्रश्न आपल्याच पाटावर येऊन बसतो: अग्नीच्या जीवांना टाळायला जे घड्याळ घेतलं, त्यात थेंब कुणाचा?

आमच्याकडे आजेसासऱ्यांचं वेस्ट एंडचं खिशातलं घड्याळ आहे. या कंपनीचं दुकान मुंबईत होतं आणि घड्याळं यायची सेंट-इमिएहून, म्हणजे ला शो-द-फोंच्या शेजारच्याच खोऱ्यातून. पाकीट उघडून सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, पच्चक्खाणात अनाभोगाची सूट असते ना, त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, ती सूट त्यांना होती. आपल्याला आता ठाऊक झालं. त्यावर त्या म्हणाल्या, मग ते कपाटात ठेवून काय होणार, नीट करून आण.

आमच्या पेठेतल्या घड्याळजींकडे गेले. तेल कुठलं घालता, असं पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणे. त्यांनी खणातून अंगठ्याएवढी बाटली काढून दाखवली. मोबियसचं ९०१०, कृत्रिम. १८५५ पासूनची कंपनी, तिच्या यादीत पूर्वी प्राणिज तेलंही असत. मागच्या खणात त्यांच्या वडिलांच्या वेळची एक बाटली होती, तिची चिठ्ठी कधीच निघून गेली होती. ती मी वास घेऊन पाहिली, पण वासावरून काही कळलं नाही.

घड्याळ उघडून त्यांनी भिंगातून बघितलं. तेल सुकून खड्यांवर तपकिरी कडी उरली होती. आधी पेट्रोलमध्ये सगळं धुवावं लागेल, म्हणाले, जुन्याचा कणही राहता कामा नये, नाहीतर नवं तेल त्याच्याशी मिसळून बिघडतं. आठ दिवसांनी या.