संगणकावर चालणारा व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर का अडतो? कारणे आणि उपाय

लग्नाचा किंवा बारशाचा व्हिडिओ मोबाईलवर, लॅपटॉपवर छान दिसतो. गावाकडे आजी-आजोबांना टीव्हीवर पाहता यावा म्हणून तो डीव्हीडीवर टाकला, तर प्लेअर "डिस्क एरर" दाखवतो. कधी चित्र दिसते पण आवाज येत नाही. अशा वेळी बरेच जण दुसरी डिस्क आणून तेच पुन्हा करतात. चूक नेमकी कुठे झाली हे कळले, तर डिस्क आणि वेळ दोन्ही वाचतात.

मूळ कारण काय?

संगणकातला प्लेअर, उदाहरणार्थ व्हीएलसी, जवळपास कोणतीही फाईल उघडतो. घरातला डीव्हीडी प्लेअर मात्र ठरावीक साच्यातलीच डिस्क ओळखतो. हा साचा असा आहे:

- चित्र: एमपेग-2 प्रकार, भारतातील पाल पद्धतीत 720 × 576 पिक्सेल, सेकंदाला 25 फ्रेम
- आवाज: एसी-3, पीसीएम किंवा एमपी2, 48 किलोहर्ट्झ
- चित्राचा बिटरेट: जास्तीत जास्त 9.8 मेगाबिट प्रतिसेकंद
- डिस्कवरील रचना: "व्हिडिओ_टीएस" नावाचे फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ व बीयूपी फाईल्स

मोबाईलमधला व्हिडिओ सहसा एमपी4 फाईलमध्ये असतो. त्यातले चित्र एच.264 किंवा एच.265 प्रकारचे आणि आवाज एएसी प्रकारचा असतो. यांपैकी काहीच वरच्या साच्यात बसत नाही.

म्हणून हे काम तीन टप्प्यांत होते: फाईलचे रूपांतर, डीव्हीडीची रचना तयार करणे (ऑथरिंग) आणि डिस्क राईट करणे. अडचण कोणत्या टप्प्यावर आली, हे आधी ओळखायचे.

1. प्लेअर डिस्क ओळखतच नाही

ती डिस्क संगणकात उघडून पाहा. आत नुसती एमपी4 फाईल दिसली, तर ती "डेटा डिस्क" झाली आहे. यूएसबी असलेले काही प्लेअर निवडक फाईल्स चालवतात, जुने प्लेअर नाही. डीव्हीडी स्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर आणि रचना दोन्ही होतात. हँडब्रेक लोकप्रिय असले तरी ते डीव्हीडीची रचना तयार करत नाही.

फोल्डर बरोबर असेल, तर राईट करताना डिस्क "फायनलाइज" झाली का ते पाहा. तसे न केलेली डिस्क संगणकात चालते, पण इतर प्लेअरला बहुतेक वेळा वाचता येत नाही. जुन्या प्लेअरला पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्कही अनेकदा वाचता येत नाही, कारण तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो.

2. चित्र दिसते, आवाज नाही

आवाज एएसी प्रकारातच राहिला असण्याची शक्यता आहे. एसी-3 आणि 48 किलोहर्ट्झ निवडून पुन्हा रूपांतर करा.

3. आवाज पुढे, ओठ मागे

सुरुवातीला सगळे ठीक आणि पुढे अंतर वाढत गेले, तर संशय फ्रेमरेटवर घ्या. मोबाईल प्रकाशानुसार फ्रेमची संख्या कमी-जास्त करतो. डीव्हीडीला ती स्थिर लागते. आधी व्हिडिओ सेकंदाला स्थिर 25 फ्रेमवर आणा, मग डीव्हीडी बनवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असेल, तर ऑथरिंग करताना आवाज तेवढाच मागे-पुढे सरकवला की काम होते.

4. माणसे लांबुडकी किंवा बुटकी दिसतात

पाल डीव्हीडीत 4:3 आणि 16:9 दोन्ही चित्रे 720 × 576 मध्येच साठवली जातात. कसे ताणून दाखवायचे हे एका खुणेवरून ठरते. आडव्या व्हिडिओसाठी 16:9 निवडा आणि टीव्हीची सेटिंगही तपासा. मोबाईल उभा धरून काढलेल्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, तो दोष नव्हे.

5. व्हिडिओ अडखळतो किंवा चौकोन दिसतात

बिटरेट फार जास्त असेल तर प्लेअर अडखळतो, फार कमी असेल तर चौकोन दिसतात. साध्या डिस्कची क्षमता 4.7 जीबी असते. विंडोज तीच 4.37 दाखवते. त्यात दोन तासांचा व्हिडिओ बसवायचा, तर आवाजासकट साधारण 5 मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात. तीन तासांसाठी जेमतेम साडेतीनच उरतात. लांब कार्यक्रम असेल तर दोन डिस्क करा किंवा 8.5 जीबीची ड्युअल लेअर डिस्क घ्या.

दर वेळी एकाच जागी अडकत असेल, तर डिस्कवर चरे आहेत का पाहा आणि कमी वेगाने, 4एक्स किंवा 8एक्सवर, पुन्हा राईट करा.

6. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन

डीव्हीडीत सबटायटल अक्षरे म्हणून नाही, तर चित्रे म्हणून साठवले जातात. त्यामुळे प्लेअरला दोष देऊ नका. ऑथरिंग करताना देवनागरी फॉन्ट निवडा, फाईल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा आणि जोडाक्षरे नीट दिसतात का ते तिथेच पाहा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवताना

तिथे एनटीएससी पद्धत आहे: 720 × 480 पिक्सेल आणि सेकंदाला 29.97 फ्रेम. तिथल्या अनेक प्लेअरवर पाल डिस्क चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी डिस्क बनवा आणि रीजनची मर्यादा ठेवू नका.

डिस्क वाया जाऊ नये म्हणून

- आधी पाच मिनिटांचा तुकडा घेऊन तीनही टप्पे करून पाहा.
- राईट करण्याआधी "व्हिडिओ_टीएस" फोल्डर व्हीएलसीमध्ये उघडून आवाज, मेनू आणि शेवटचा भाग तपासा. इथे दोष दिसला तर तो रूपांतरात किंवा रचनेत आहे. इथे सगळे ठीक आणि प्लेअरवरच अडचण, तर राईटिंग, डिस्क किंवा प्लेअर तपासा.
- व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाईल वापरू नका, तिचा दर्जा आधीच उतरलेला असतो. मूळ फाईल "डॉक्युमेंट" म्हणून मागवा.

आणि डीव्हीडी चालली म्हणून मूळ फाईल पुसू नका. रूपांतरात चित्राचा दर्जा कमी होतो आणि तो परत मिळत नाही. घरी राईट केलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने खराब होऊ शकतो. डीव्हीडी टीव्हीवर पाहण्यासाठी ठेवा, आठवण जपायला मूळ फाईलच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी हव्यात.