मांसातील औषधांशांची झटपट तपासणी

जनावरांना व कोंबड्यांना दिलेल्या प्रतिजैविकांचा अंश मांसात उरला, तर तो खाणाऱ्याच्या शरीरात जातो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. शिवाय औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. म्हणूनच औषध दिल्यावर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय जनावर कापू नये, असा दंडक आहे.

तो मोडला गेल्याचा संशय काही तासांतच येऊ शकतो. ‘प्रेमी टेस्ट’ या चाचणीतील छोट्या नळीत ‘जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस’ या जिवाणूचे बीजाणू आणि रंगदर्शक द्रव्य असते. त्यावर मांसाचा थोडा रस टाकून नळी ६४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. जिवाणू वाढले, की आम्ल तयार होऊन जांभळा रंग पिवळा होतो. रंग जांभळाच राहिला, तर नमुना संशयास्पद ठरतो.

मात्र औषध कोणते व किती, हे यातून कळत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्रीचाच आधार घ्यावा लागतो. क्लोरॅम्फेनिकॉलचे अतिसूक्ष्म अंशही अशा चाचणीतून निसटतात. मांस शिजवल्याने सर्वच औषधांश नष्ट होतात, हा समजही चुकीचा आहे.