शाई वाळविण्याचा प्रश्न : किर्लोस्करवाडी ते अतिनील दिवा

प्रस्तावना :
उद्योगाच्या इतिहासात यंत्रे, भांडवल व संस्थापक यांची नोंद होते; शाई अथवा रंग वाळण्यासारख्या साध्या प्रक्रियेची सहसा होत नाही. वस्तुतः माल केव्हा बाहेर पडेल, हे पुष्कळदा तीच ठरविते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेऊन अतिनील दिव्याच्या निवडीचा विचार केला आहे.

स्थानिक पार्श्वभूमी :
१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना व वसाहत उभारली. आज किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात मोडते. लोखंडी नांगरांच्या या गावातून शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही मासिके निघाली. त्या काळातील छपाईची शाई प्रायः तेलमिश्रित असे. तिचा काही अंश कागदात मुरे, तर जवसाच्या तेलासारखा अंश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होई. यास कित्येक तास लागत. पत्रा व प्लॅस्टिक यांवर मात्र शाई मुरतच नाही.

दिव्याची वाटचाल :
१८०१ साली रिटर यांनी अतिनील किरण शोधले. १९०१ मध्ये कूपर ह्युइट यांना पाऱ्याच्या बाष्पदिव्याचे पेटंट मिळाले. साधी काच लघुतरंगी किरण अडविते, म्हणून अशा दिव्यांसाठी क्वार्ट्झची नळी आली. १९४६ साली अमेरिकेत अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या शाईचे पेटंट दिले गेले; तथापि तिचा प्रसार झाला तो १९७० च्या दशकात, इंधनटंचाई व द्रावकांच्या वाफांवरील निर्बंध यांमुळे. या शाईतील फोटोइनिशिएटर प्रकाश शोषून साखळीक्रिया सुरू करतो आणि द्रव थर क्षणार्धात घन होतो.

निवडीचे निकष :
यावरून पहिला निकष स्पष्ट होतो : दिवा शाईस अनुरूप हवा. पाऱ्याचा दिवा २५४, ३१३, ३६५ नॅनोमीटर अशा अनेक तरंगलांबी देतो. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायॉक्साइड लघुतरंग शोषून घेते. म्हणून तेथे गॅलियमयुक्त दिवा उपयुक्त ठरतो, कारण त्याचे दीर्घ तरंग थराच्या तळाशी पोहोचतात. एलईडी दिवा ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ यांपैकी एकाच अरुंद पट्ट्यात प्रकाश देतो. तो तत्काळ पेटतो, मालास कमी तापवितो, ओझोन निर्माण करीत नाही व अधिक टिकतो. परंतु जुन्या शाईवर वापरल्यास पृष्ठभाग चिकट राहू शकतो.

दुसरा निकष मोजमापाचा. पाऱ्याचा दिवा डोळ्यांना तेजस्वी दिसत असतानाही त्याचे अतिनील उत्सर्जन घटलेले असू शकते. म्हणून रेडिओमीटरने मालावर पडणारी तीव्रता व एकूण मात्रा तपासणे आवश्यक आहे. तिसरा निकष पाऱ्याच्या विल्हेवाटीचा. २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यातील दिव्यांवरील बंदी मुख्यत्वे सर्वसाधारण प्रकाशयोजनेपुरती असली, तरी पारा हाताळण्याची जबाबदारी टळत नाही.

निष्कर्ष :
हवेवर वाळणाऱ्या शाईत चूक सावरण्यास वेळ मिळत असे. प्रकाशाने तो वेळ हिरावून घेतला. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या लघुउद्योजकाने वॅट व किंमत यांची तुलना करण्यापूर्वी आपली शाई, थराची जाडी व मालाचा वेग निश्चित करून नमुना तपासून घ्यावा. चुकीच्या दिव्याखाली थर वरून कोरडा दिसतो आणि आतून कच्चा राहतो. तो दोष ग्राहकाच्या हाती गेल्यावरच उघड होतो.