यजमानाच्याच घरचे दार

पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची आखाती देशातली नोकरी रक्ताच्या एका तपासणीने गेली. हेपटायटिस बी. त्याला कावीळ कधी दिसली नव्हती, तरी घरात त्याचे ताट-पेला वेगळे झाले. अम्मीनेच केले, आणि मी गप्प बसलो. हा विषाणू ताट-पेल्यातून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो. मग यकृताच्या पेशीत तो शिरतो कसा? कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बी.ए.ला हा प्रश्न तेव्हापासून चिकटला.

शास्त्रज्ञांनाही उत्तर सापडत नव्हते. अमेरिकेच्या बारूक ब्लुंबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तातले अनोखे प्रथिन १९६५ मध्ये जगापुढे मांडले. पुढे त्याचा काविळीशी संबंध लागला, १९७६ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले, लसही आली. दार मात्र सापडेना. माणसाच्या यकृतपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, की त्यांना लागणच होईनाशी होई.

बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने टुपाया या खारीसारख्या प्राण्याच्या पेशी घेतल्या. त्यांना ही लागण होते. विषाणूच्या आवरणाचा जो तुकडा पेशीला चिकटतो, तोच गळ म्हणून टाकला. २०१२ साली गळाला लागले एनटीसीपी नावाचे प्रथिन. गंमत पाहा, हे काही चोरदार नव्हे. आतड्यातून परतलेले पित्तक्षार रक्तातून यकृतात घेणे, हे त्याचे रोजचे काम. प्रयोगशाळेतल्या पेशींत ते घालताच त्यांनाही लागण होऊ लागली.

आतली कहाणी मला अधिक अस्वस्थ करते. विषाणूजवळ सामान थोडे: सुमारे ३२०० अक्षरांची जनुकीय चिठ्ठी, तीही अर्धवट. ती पूर्ण करतात पेशीचीच डागडुजी करणारी प्रथिने; तिच्यावरून उतारे काढते तीही पेशीचीच यंत्रणा. पहारेकरी नाहीत असे नाही. एसएमसी-५/६ हा प्रथिनांचा जथा त्या चिठ्ठीला गप्प करतो. पण विषाणूचे एक्स प्रथिन पेशीच्या कचरा काढणाऱ्या यंत्रणेलाच हाताशी धरून या पहारेकऱ्याला मोडीत काढते. हे २०१६ मध्ये उघड झाले.

आवरणाच्या त्या तुकड्याच्या धर्तीवर केलेले औषध दार अडवून बसते. बी विषाणूचे आवरण पांघरून फिरणाऱ्या डी विषाणूसाठी युरोपात २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली. केंद्रकात बसलेली चिठ्ठी मात्र नेहमीच्या गोळ्यांनी पुसली जात नाही. भाऊ त्या गोळ्या रोज घेतो. मागच्या ईदला त्याने शिरखुर्म्याचा वाडगा अर्धा संपवून माझ्यापुढे सरकवला. उरलेला मी प्यायलो.